घरून काम करताना मनातील चिंता आणि कामातील समाधान

प्रश्न:
घरून काम करणाऱ्या काही सहकाऱ्यांच्या बोलण्यातली एक विसंगती मला अस्वस्थ करते. प्रवासाचा शीण वाचला आहे, काम वेळेत पूर्ण होते, तरीही ‘कामात मन रमत नाही’ असे ते सांगतात. आणि थोडे खोलात विचारले की कामाविषयीची तक्रार मागे पडून, वरिष्ठांचे आपल्याविषयी काय मत असेल ही धास्तीच पुढे येते. चिंतेमुळे समाधान घटते, की असमाधानातून चिंता निर्माण होते?

उत्तर १:
दोन्ही घडते, परंतु घरून काम करताना चिंतेचे पारडे जड असते, असे मला वाटते. कार्यालयात वरिष्ठांचा चेहरा दिसतो, जाता-येता ‘चांगले झाले’ असे कानावर पडते; घरी यातले काहीच नसते, उरतो फक्त लेखी मजकूर. ‘मोकळे झालात की फोन करा’ एवढाच संदेश आला, तर चिंताग्रस्त माणूस तासभर स्वतःच्या चुका शोधत बसतो आणि फोनवर निघते ती रजेच्या तारखांची चौकशी. त्या तासात हातून झालेले काम उत्तम असले, तरी त्याचा आनंद त्याला मिळत नाही.

उत्तर २:
ही धास्ती सर्वस्वी निराधार नाही, हेही लक्षात घ्यावे. सीट्रिप या चिनी प्रवास कंपनीत अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम व सहकाऱ्यांनी केलेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, नऊ महिने घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली आणि समाधानही वाढले. मात्र कामगिरीच्या मानाने त्यांना बढती मिळण्याचे प्रमाण घटले. पुढे अनेकांनी कार्यालयात परतणे पसंत केले, त्यामागे एकटेपणा हे मोठे कारण होते. म्हणूनच ‘उगाच काळजी करू नका’ असे सांगून भागत नाही. संदेशात कारण लिहिणे आणि कामाविषयीचा अभिप्राय ठरलेल्या दिवशी देणे, ही वरिष्ठांची जबाबदारी आहे.

उत्तर ३:
वरील मताशी सहमत आहे. कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये मांडले होते की, कामाचा भार मोठा आणि त्यावरचे स्वतःचे नियंत्रण कमी असेल, तर ताण सर्वाधिक येतो. घरून काम करताना हे नियंत्रण वाढायला हवे; पण आपण ‘उपलब्ध’ आहोत हे दाखवणारा हिरवा ठिपका विझू नये म्हणून जेवतानाही माऊस हलवावा लागत असेल, तर ते नियंत्रण नावापुरतेच राहते.

मात्र सुटीच्या दिवशीही, कामाचा विषय नसताना, चिंता तशीच राहत असेल, तर दोष केवळ नोकरीला देता येत नाही. ‘जीएडी-७’ या चिंतेची तीव्रता मोजणाऱ्या प्रश्नावलीत मागील दोन आठवड्यांविषयी सात प्रश्न असतात. २१ पैकी १० किंवा अधिक गुण आल्यास तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी, कारण प्रश्नावली म्हणजे निदान नव्हे. तोपर्यंत राजीनाम्याचा निर्णय शक्यतो पुढे ढकलावा, कारण तीच चिंता नव्या नोकरीतही सोबत येण्याची शक्यता असते.