पोर्तुगीज आणि इंग्रजी, दोन्हीकडे चालेल असं मुलीचं नाव: 'तारा' गेलं, आता काय?

सांजवेळ (धागाकर्ती)

मंडळी, मतं हवी आहेत. वाद झाला तरी चालेल.

नवरा पोर्तुगालमधल्या पोर्तोचा, मी साताऱ्याची, घर इंग्लंडात रेडिंगला. विसाव्या आठवड्याच्या स्कॅनमध्ये मुलगी असल्याचं सांगितलं (इथे सांगतात), फेब्रुवारीत येईल. घरात बोलणं इंग्रजी आणि पोर्तुगीज. मराठी मी एकटीच बोलते, आणि तेही चिडल्यावर. म्हणून ठरवलं की नाव आधी या दोन भाषांत बसायला हवं. मराठीतही बसलं तर दुधात साखर.

माझं 'तारा' पक्कं होतं. व्हिडिओ कॉलवर सासूबाईंना सांगितलं तर त्या गप्प, नवरा कानापर्यंत लाल. पोर्तुगीजमध्ये 'तारा' म्हणजे काट्यावरचं रिकाम्या डब्याचं वजन, आणि बोलीत लैंगिक विकृती. गेलं! मग रोज जेवणानंतर आमची यादी आणि त्याची फुली. इरा? राग, कॅथलिकांच्या सात महापातकांतला. उमा? 'एक केळं'मधलं 'एक'. माला? सूटकेस. आशा? ऐकायला थेट 'त्याला वाटतं'. इंग्रजी नावांकडे वळलो तर तिथेही तीच गत. 'मिया' म्हणजे मांजर करतं ते. 'नोरा' म्हणजे सून. त्यावर सासूबाई म्हणाल्या, "नोरा आहे की माझ्याकडे एक, पुरे."

त्याला हवंय त्याच्या आजीचं नाव, इनेश. लिहिताना शेवटी 'एस', त्याआधीच्या 'ई'वर टोपी. ब्रिटिश पासपोर्टवर ती टोपी छापत नाहीत, आणि शाळेत त्याचं 'आयनेझ' होणार हे मला आत्ताच ऐकू येतंय.

माझं मत असं, की पोरीला आयुष्यभर कुठल्याच काउंटरवर स्पेलिंग सांगायला लागू नये. क्लारा, सारा, लॉरा, आलिस. सध्या क्लारा पुढे आहे.

बस्त्यावचा_नातू

साफ विरोध. वसईचा आहे, आडनाव पोर्तुगीज, घरची बोली सामवेदी. माझ्या आजोबांना अख्खं गाव इनास म्हणायचं. पोर्तुगीजांचं 'इनासियु' आमच्या जिभेवर घासून घासून इनास झालं. चर्चच्या वहीत तेच इग्नेशियस, आणि बँकेच्या पासबुकावर नुसतं 'आय'. एकच माणूस, एकच नाव. सेबास्तियांवचा बस्त्याव झाला तोही असाच. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज गेले, नावं राहिली. ती दोन्हीकडे चालतील म्हणून कुणी निवडली नव्हती. माणसांनी ती वापरून वापरून आपलीशी केली.

इनेश ठेवा. शाळेत आयनेझ म्हणतील, चार दिवसांनी शिकतील. पणजीचं नाव काउंटरवरच्या माणसाच्या सोयीसाठी टाकून द्यायचं?

फोडणीचा_भात

बस्त्यावभाऊ, तुमच्या आजोबांना इनास म्हणणारं अख्खं गाव होतं. या पोरीला कोण आहे? मी ऋतुजा. ११ वर्षं मँचेस्टरला. दवाखान्यात नर्स दारात येऊन कागदाकडे बघते, थांबते, नि माफी मागते. त्या थांबण्यावरूनच मी उठते. कॉफीवाल्याला 'रूथ' सांगते. चार दिवसांत शिकतात हे ज्यांचं नाव कुणी चुकवत नाही त्यांनाच वाटतं.

धागाकर्तीला +१. क्लारा.

तेजूकाठी

लिस्बनला राहते, म्हणून थोडं नेमकं सांगते. तुम्ही दोघी स्पेलिंगला नाव समजताय. स्पेलिंग सारखं असलं तरी आवाज सारखा नसतो. लॉरा इथे 'लाउरा'. आलिस तुमच्याकडे अ‍ॅलिस, इथे अलीस. लुकस म्हणाल तर तो इथे लूकश, कारण शेवटचा 'स' इथे 'श' होतो (म्हणून तर इनेश). म्हणजे एकाच स्पेलिंगची दोन नावं ठेवताय. त्यात वाईट काही नाही, मूल दोन्हींना ओ देतं. फक्त प्रश्न सुटला असं समजू नका, तो कागदावरून कानात गेला एवढंच.

कुणीतरी सरकारी यादीचं काढेलच, म्हणून आधीच सांगते. पोर्तुगालमध्ये मान्य नावांची यादी आहे, पण आई किंवा वडील परदेशी असतील किंवा मूल बाहेर जन्मलं असेल तर परदेशी नाव मूळ रूपात ठेवता येतं. सांजवेळ, तुम्हाला 'तारा'सुद्धा कायद्याने ठेवता आलं असतं. तुम्हाला सासूबाईंनी अडवलं, सरकारने नाही. शिवाय इथे दोन नावं आणि चार आडनावांपर्यंत मुभा आहे. क्लारा इनेश ठेवून मोकळ्या व्हा.

हाऊ_साओपावलोकर

पोर्तुगीज म्हणजे कुठली पोर्तुगीज? मी ब्राझीलमध्ये. नाव राहुल. इथे शब्दाच्या सुरुवातीचा 'र' घशातून 'ह' निघतो, मधला 'ह' बोलतच नाहीत, शेवटच्या 'ल'चा 'उ' होतो. राहुलचा झाला हाऊ! उगाच नाही हा आयडी घेतला. आणि इथल्या मंडळींनी तर इंग्रजी नावं बिनधास्त ढापलीत. वॉशिंग्टन, वेलिंग्टन हे आमच्या ऑफिसात जेवणाचा डबा गरम करत उभे असतात. 'दोन्हीकडे चालेल का' हा प्रश्न त्यांच्या आयांना पडलाच नव्हता.

अवांतर: क्लारा म्हणजे अंड्याचा पांढरा भाग हे नवऱ्याने सांगितलंय का? केकच्या प्रत्येक कृतीत चार-चार क्लारा फेटायला सांगतात.

सांजवेळ

हो, सांगितलंय, हसत हसत. आणि तिथेच माझं डोकं फिरलं. क्लारा अंड्यातली चालते, तर तारा का नाही? तो म्हणे, क्लारा म्हटल्यावर कुणाला अंडं आठवत नाही.

तेजूकाठी

त्याचं बरोबर आहे. आपल्याकडे वाघमाऱ्यांना कुणी विचारत नाही किती वाघ मारले म्हणून. पिढ्यान्‌पिढ्या नाव म्हणून वापरलेल्या शब्दाचा अर्थ ऐकू यायचा थांबतो. क्लारा नावाच्या बायका पोर्तुगालमध्ये शेकड्याने होऊन गेल्या, त्यांनी ते नाव धुऊन दिलंय. 'तारा' धुणारं तिथे कुणी नाही. पहिल्या मुलीलाच सगळं ऐकावं लागेल, तेही आठवीच्या वर्गात.

बस्त्यावचा_नातू

हे पटलं. तारा सोडा. पण हाच न्याय लावा की. इनेशही धुतलेलंच आहे, १३५५ साली मारली गेलेली इनेश द कास्त्रू, पोर्तुगालच्या राजपुत्राची प्रेयसी, अजून त्यांच्या तोंडी आहे. इंग्लंडात तर त्या शब्दाला वाईट अर्थच नाही, नुसता उच्चार चुकेल. चुकीचा उच्चार आणि घाण अर्थ यांना एका तराजूत घालू नका.

फोडणीचा_भात

नुसता उच्चार! बरं.

कोपऱ्यातली_खुर्ची

एरवी नुसती वाचते, आज राहवेना. 'अनिता' कुणालाच कसं सुचलं नाही? पोर्तुगीजमध्ये आनाचं लाडाचं रूप, छोटी आना. इंग्रजीत सगळ्यांना लिहिता येतं. मराठीत तर आपलंच.

सांजवेळ

नवऱ्याने दुसऱ्याच दिवशी सुचवलं होतं. मी नाही म्हटलं. अनिता माझी मावशी आहे, शाळेत भूगोलाच्या बाई अनिता होत्या, आणि आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीची बायको. मला पाळण्यात अनिता दिसतच नाही, एकदम पर्स घेतलेली दिसते.

हाऊ_साओपावलोकर

म्हणजे तिन्ही भाषांत बसणारं नाव होतं आणि ते तुम्ही पर्सवरून नाकारलंत. मग नवऱ्याच्या आजीच्या टोपीवर एवढा राग का?

सांजवेळ

लागलं. पण खरं आहे.

नवऱ्याला धागा वाचून दाखवला. क्लारा इनेश यावर तो निम्मा राजी आहे, कुठलं आधी यावर अजून अडलंय. इंग्लंडात जन्मनोंदणीला ४२ दिवस मिळतात, तोवर चालेल हे. आईला फोन केला तर ती वेगळ्याच काळजीत. बारशाला नाव आत्याने कानात सांगायचं, आणि आत्या म्हणजे माझी पोर्तोची नणंद. ती विमानाचं तिकीट काढून बसलीये. काल आईने तिला व्हिडिओवर 'कुर्रर्र' शिकवलं. त्यांचा जोडलेला 'र' घशातून येतो, त्यामुळे दहा वेळा 'कुख्ख' झालं. आई म्हणते, असू दे, पोरीला काय कळतंय.