मागून धडक दुसऱ्याने दिली, मग दावा माझ्याच विम्यावर का?

प्रश्न – वाहनधारक, सातारा
पुण्याहून येताना खेड-शिवापूर टोलनाक्याच्या रांगेत आमची गाडी उभी असताना मागून आलेल्या मोटारीने तिला धडक दिली. बंपर, टेल लॅम्प आणि डिकीचा दरवाजा बदलावा लागेल, असे गॅरेजचे म्हणणे असून खर्चाचा अंदाज 46,000 रुपये आहे. त्या मोटारीच्या मालकाने चूक मान्य करून तसे कागदावर लिहूनही दिले आहे. तरीही गॅरेजमध्ये ‘तुमच्याच पॉलिसीवर दावा करा’ असे सांगतात. गाडी 1200 सीसीची, चौथ्या वर्षातली. पॉलिसी सर्वसमावेशक आहे, पण झिरो डेप (भागांचा घसारा न कापणारे जादा संरक्षण) घेतलेले नाही. नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) 35 टक्के आहे. चूक माझी नसताना तो मी का गमवावा? आईच्या मानेलाही हिसका बसला असून ती अजून दुखते आहे.

उत्तर – वाहन सर्व्हेअर
गॅरेजचा सल्ला व्यवहाराला धरून आहे. आपल्याकडे सर्वसमावेशक पॉलिसीतील ओन डॅमेजचा (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा) भाग चूक कोणाची हे पाहून पैसे देत नाही. चालकाकडे वैध परवाना होता का, त्याने मद्यपान केले होते का, पॉलिसी चालू होती का, एवढे पाहून कंपनी स्वतःच्या ग्राहकाची गाडी दुरुस्त करून देते. चूक कोणाची हा प्रश्न येतो तो दुसऱ्याच्या थर्ड पार्टी विम्याकडून (इतरांचे नुकसान भरून देणाऱ्या विम्याकडून) भरपाई मागताना, आणि त्याचा निवाडा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात होतो, तिथे वेळ लागतो.

म्हणून बोनसचा प्रश्न आकड्यांत मांडून पाहा. प्लॅस्टिकच्या भागांवर 50 टक्के घसारा (वापरामुळे घटलेली किंमत) कापतात, त्यामुळे बंपर व लॅम्पचे 16,000 धरले तर 8,000 जातील. तीन ते चार वर्षे वयाच्या गाडीच्या धातूच्या भागांवर 25 टक्के, म्हणजे 14,000 रुपयांच्या दरवाजावर 3,500. रंगाच्या साहित्यावर साधारण हजारभर, शिवाय 1500 सीसीपर्यंतच्या गाडीसाठी सक्तीची वजावट 1,000. 46,000 मधून हे सारे वजा जाता हाती 32,500 च्या आसपास येतील. दुसऱ्या बाजूला, दावा न केल्यास पुढच्या नूतनीकरणात बोनस 45 टक्के होईल, त्यापुढे 50. दावा केल्यास तो शून्यावर येऊन 20, 25, 35, 45 असा पुन्हा चढेल. ओन डॅमेजचा मूळ हप्ता 12,000 धरला, तर पहिल्या वर्षी 5,400 आणि पाच वर्षांत मिळून 14,400 रुपयांचा फरक पडतो. गाडीची किंमत दरवर्षी घटते, म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमीच. आपल्या बाबतीत दावा करणेच हिताचे आहे. खर्च पंधरा हजारांचा असता, तर मी उलट सांगितले असते.

मात्र कंपनीला आधी कळवा आणि पाहणी होईपर्यंत एकही भाग बदलू देऊ नका.

उत्तर – वकील, दिवाणी व मोटार अपघात दावे
वरील हिशेबाशी मी सहमत आहे, परंतु बोनस आणि कपात झालेली रक्कम सोडून द्यावी असे मला वाटत नाही. खासगी मोटारीच्या पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी साधारणपणे 7.5 लाख रुपयांपर्यंत संरक्षण असते. काही मालक हप्ता वाचवण्यासाठी ते 6,000 पर्यंत उतरवून घेतात, म्हणून धडक देणाऱ्या मोटारमालकाच्या पॉलिसीची प्रत जरूर मागा. एकच नुकसान दोनदा वसूल करता येत नाही, पण आपल्या कंपनीने न दिलेला भाग मागता येतो. त्यासाठी दुरुस्तीनंतर कंपनी जे पावतीपत्र पुढे करते, त्यात ‘पूर्ण व अंतिम’ असे शब्द आहेत का, हे सही करण्यापूर्वी वाचा. अर्ज आपण राहता त्या भागातील न्यायाधिकरणातही, म्हणजे साताऱ्यातच, करता येतो.

त्या कबुलीच्या कागदावर मात्र फार भिस्त ठेवू नका. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करू नये, अशी अट मोटार पॉलिसीतच असते, त्यामुळे त्या मोटारमालकाची विमा कंपनी तो कागद स्वतःवर बंधनकारक मानणार नाही. पोलीस ठाण्यातील नोंद, जागेवरचे फोटो आणि टोलनाक्यावरील कॅमेऱ्याचे चित्रण अधिक मोलाचे आहे. चित्रण पुसले जाण्याआधी लेखी अर्ज देऊन मागा. उभ्या गाडीला मागून धडक बसली असल्याने मागच्या चालकाची जबाबदारी दाखवणे तुलनेने सोपे आहे.

प्रश्नकर्ता
दोघांचेही आभार. बंपरसाठी पोलिसांत जाणे मला अतिरेकी वाटले होते, उद्या जातो. आईचा उपचारखर्च माझ्या पॉलिसीतून निघेल का?

उत्तर – वकील, दिवाणी व मोटार अपघात दावे
आपल्या पॉलिसीतील 15 लाखांचा सक्तीचा वैयक्तिक अपघात विमा मालक-चालकासाठी असतो आणि तो मृत्यू वा कायमच्या अपंगत्वासाठी आहे. आईंच्या औषधोपचाराला तो लागू पडणार नाही. आई मागच्या मोटारीच्या दृष्टीने त्रयस्थ व्यक्ती आहेत, त्यामुळे मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खाली त्यांचा दावा त्या मोटारीच्या विमा कंपनीविरुद्ध होतो. शारीरिक इजेच्या भरपाईला मालमत्तेसारखी रकमेची मर्यादा नसते आणि आपल्या बोनसलाही धक्का लागत नाही. कलम 164 खाली चूक सिद्ध न करता मिळणारे 2.5 लाख केवळ गंभीर दुखापतीसाठी आहेत, मानेच्या हिसक्याला ते मिळण्याची शक्यता कमी. 2019 च्या दुरुस्तीनंतर कायद्यात दाव्याच्या अर्जासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे, ती धरूनच चाला. गाडीचे काम आठवडाभर मागे पडले तरी चालेल, पण आईंना उद्याच डॉक्टरांकडे न्या आणि अपघातात मान हिसकल्याचा उल्लेख केसपेपरवर करून घ्या.