कापडाच्या गठाणींसाठी रॅक निवडताना

भिवंडीच्या गोदामात कापडाच्या गठाणी ठेवायला नट-बोल्टचे अँगल रॅक चालतील का, या आपल्या प्रश्नाला ‘जाड पत्रा घ्या, म्हणजे झाले’ असे उत्तर या चर्चेत वर आले आहे. परंतु केवळ पत्र्याच्या जाडीवर निर्णय घेऊ नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. एक गठाण 150 किलोंची धरली, तर एका कप्प्यावरील सहा गठाणींचे वजन 900 किलो होते. हाताने माल चढवण्याच्या अँगल रॅकचे हे काम नव्हे, त्यासाठी पॅलेट रॅकच, म्हणजे फोर्कलिफ्टने जड माल फळीसकट ठेवण्याचा रॅकच हवा.

पुरवठादाराकडून बीमच्या, म्हणजे कप्प्याचा भार पेलणाऱ्या आडव्या दांड्यांच्या, जोडीची क्षमता आणि खांबांच्या चौकटीची क्षमता असे दोन्ही आकडे लेखी घ्यावेत. यांतील दुसरा आकडा बीममधील उभ्या अंतरावर अवलंबून असतो, ही गोष्ट सहसा लक्षात येत नाही. आमच्या गोदामात उंच खोकी बसावीत म्हणून सर्वांत खालचा बीम हात-दीड हात वर घेण्यात आला होता. काही आठवड्यांनी मी ओळंबा लावून पाहिला, तेव्हा खांब मध्यभागी बोटभर बाहेर आलेला दिसला आणि त्याच दिवशी आम्ही तो रॅक रिकामा केला. आधाराविना राहिलेली खांबाची लांबी वाढली की त्याची भार पेलण्याची ताकद झपाट्याने घटते.

जमीनही तपासावी, रॅक जमिनीला जखडणाऱ्या अँकर बोल्टला फरशी नव्हे, पक्के काँक्रीट लागते. बीमच्या टोकांच्या सेफ्टी पिना मात्र स्वतः मोजून घ्याव्यात, कारण फोर्कलिफ्टचा काटा खालून लागला की पिनेविना बीम खांबाच्या खाचेतून सहज उचलला जातो.