गादी सरकली, मणका सरकला की गॅप आला?

बाबांचा एमआरआय झाला, डॉक्टर म्हणाले स्लिप डिस्क. आई फोनवर सगळ्यांना सांगतेय मणका सरकलाय, काका म्हणतात गादी सरकली, शेजारच्या काकू म्हणतात मणक्यात गॅप आला असेल, आणि आजी पहिल्या दिवसापासून उसण भरली एवढंच म्हणतेय. हे सगळं एकच का?

>> नाही हो ताई, चारही वेगळं आहे. बाबांचं दुखणं डिस्कचं, आणि डिस्कला गादी हा शब्द अगदी बरोबर, दोन मणक्यांच्या मधे बसून दणके झेलायचे हेच तिचं काम, अशा 23 असतात, बाहेरून चिवट कडं आणि आत मऊ गर. चुकतंय ते 'सरकली'. गादी वरच्या-खालच्या मणक्याला घट्ट धरलेली असते, ती जागची हलत नाही, कडं फुगतं नाहीतर चिरतं आणि आतला गर बाहेर येऊन नसेला लागतो, म्हणून दुखणं कमरेचं पण कळ कुल्ल्यापासून पार पोटरीपर्यंत, खोकलं शिंकलं तरी वाढते. 1934 मधे बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार या डॉक्टरांनी हे नीट दाखवून दिलं तेव्हा त्यांचा शब्द रप्चर, म्हणजे फाटणं, होता, स्लिप नाही.

मणका सरकणं हा खरंच वेगळा आजार, त्यात एक मणका दुसऱ्यावरून पुढे येतो. आणि गॅप तर उलटंच! गादी सुकून चपटी झाली की मणक्यांमधलं अंतर कमी होतं, एक्सरेत तेच दिसतं, तरी आपण म्हणतो गॅप आला.

उसण म्हणजे वाकताना, कळशी उचलताना पाठ एकदम धरते ती, बहुतेक वेळा थोड्या दिवसांत सुटते.

>> आमच्या गावाकडे उसण भरली की पायाळू माणसाकडून लाथ मारून घेतात. माझ्या मामांनी घेतली, दुखणं निघालं गादीचं, दुसऱ्या दिवशी पाय टेकवेना.

>> दादा, म्हणूनच मी शब्दावर इतका अडून बसलोय. सरकली म्हटलं की कुणीतरी दाबून बसवून देईल असं वाटतं. बाहेर आलेला गर दाबून आत जात नाही, पण बऱ्याच जणांत शरीरच तो हळूहळू शोषून घेतं, बहुतेकांना 6 ते 12 आठवड्यांत ऑपरेशनशिवाय बरं वाटतं. नुसतं झोपून राहायचं नाही, झेपेल तेवढं चालायचं. ताई, एक मात्र बघा, लघवी अडली किंवा आपोआप होऊ लागली, बसायची जागा बधिर झाली, पाऊल उचलेना झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं, थांबायचं नाही.

>> बाबांना लगेच विचारलं, यातलं काही नाहीये. आजीला गर बाहेर येण्याचं समजावलं तर ती म्हणाली, मग उसवली म्हण ना, सरकली काय म्हणतेस. मी आता घरात सगळ्यांना गादी उसवली असंच सांगतेय.

>> उसवली! वा, आजींना नमस्कार सांगा, हाच शब्द पाहिजे.