नुसतं टीएसएच करून थांबायचं का?

वहिनी: आत्या, ताई, एक विचारायचं होतं. बरेच दिवस झाले नुसता थकवा आहे, केस तर हातातच येतात, पाळीत पण आधीपेक्षा खूप जास्त जातं. आज डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणाले थायरॉइड नॉर्मल, टेन्शन घेऊ नका. टेस्ट एकच केली होती, टीएसएच, ते ४.१ आलंय. बाकीच्या पण करू का विचारलं तर म्हणाले गरज नाही. मला पटत नाहीये पण त्यांच्याशी वाद पण घालायचा नाहीये

काका: नॉर्मल आलंय तर चांगलंच की. कशाला सुया टोचून घ्यायच्या उगाच. डॉक्टरांना आपल्यापेक्षा जास्त कळतं

ताई: काका, डॉक्टर चुकले असं नाही म्हणत मी. पहिली टेस्ट टीएसएचच करतात आणि बहुतेकांना तेवढी पुरते पण. पण ते टीएसएच, म्हणजे थायरॉइडला काम सांगणारं हार्मोन, थायरॉइडमधून येतच नाही, ते मेंदूच्या खालच्या पिट्युटरी ग्रंथीतून येतं. म्हणजे साहेबांनी किती ओरडून काम सांगितलं ते टीएसएचवरून कळतं, आणि काम प्रत्यक्षात किती झालं ते फ्री टी४ वरून, म्हणजे थायरॉइडने बनवलेलं, रक्तात मोकळं फिरणारं हार्मोन. हार्मोन जरासं कमी पडलं तरी टीएसएच बरंच वर जातं म्हणून गडबड लवकर कळते, तो त्याचा फायदा. वहिनी, रिपोर्टवर रेंज काय छापलीय?

वहिनी: ०.४ ते ४.५

ताई: मग रेंजमध्येच आहे पण वरच्या टोकाला. नुसत्या या आकड्यावर कोणी गोळी सुरू करणार नाही आणि करू पण नये. पण त्रास चालू आहे, त्यामुळे एवढ्यावर फाइल बंद करायची हे मला पण नाही पटत. तुझ्या माहेरी कोणाला थायरॉइड आहे का?

वहिनी: आईला आहे आणि मावशीला पण. पण हे डॉक्टरांनी विचारलंच नाही आणि मला पण सांगायचं सुचलं नाही

ताई: हे सांगायलाच हवं. घरात असेल तर अँटी टीपीओ नावाची रक्ताची टेस्ट करायला कारण आहे. आपलीच प्रतिकारशक्ती थायरॉइडवर हल्ला करतेय का ते त्यात कळतं, हाशिमोटो म्हणतात तो आजार, १९१२ साली हाशिमोटो नावाच्या जपानी डॉक्टरांनी पहिल्यांदा लिहून ठेवला. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे लगेच गोळी असं नाही हां, पण पुढे थायरॉइड मंदावण्याची शक्यता जास्त असते म्हणून टीएसएच वर्षाला बघत राहायचं. आणि टीपीओ एकदा पॉझिटिव्ह आली की परत परत करायची गरज नसते

आत्या: अगं तू केसांसाठी काही गोळी घेतेस का? आधी ते सांग

वहिनी: हो आत्या, बायोटिन नावाच्या जीवनसत्त्वाची, रोज. का हो?

आत्या: मध्यंतरी माझं टीएसएच एकदम खाली आलं होतं आणि फ्री टी४ वर. डॉक्टर म्हणाले थायरॉइडची गोळी जास्त होतेय आणि डोस कमी केला, थोड्याच दिवसात सुस्ती, अंग जड, आवाज बसलेला, सगळं परत सुरू. शेवटी लॅबमधल्या मॅडमनी विचारलं केसांची गोळी चालू आहे का. ती बंद करून परत रक्त दिलं तर आकडे वेगळेच आले. तोपर्यंत मला हे एकानेही विचारलं नव्हतं, याचा मला अजून राग येतो

ताई: आत्या बरं झालं आठवण केलीत, हे फार महत्त्वाचं आहे. बऱ्याच लॅबच्या मशीनमध्ये टेस्टच बायोटिन वापरून होते, त्यामुळे रक्तात ते जास्त असलं की टीएसएच खोटं कमी दिसतं आणि फ्री टी४ खोटं जास्त. सगळ्या मशीनवर नाही होत पण आपल्याला काय माहीत कुठली आहे. शरीराला दिवसाला साधारण ३० मायक्रोग्रॅम लागतं आणि केसांच्या गोळीत ५,००० किंवा १०,००० असतं. वहिनी म्हणजे तुझं खरं टीएसएच ४.१ पेक्षा जास्त पण असू शकतं. निदान २ दिवस आधी बंद कर, आणि लॅबला आणि डॉक्टरांना दोघांनाही सांग

दादा: मग मोठं पॅकेज असतं ना, टी३, रिव्हर्स टी३ वगैरे सगळं, तेच करून टाकू एकदाचं

ताई: अरे नको. थायरॉइड मंदावत असताना टी३, म्हणजे थायरॉइडचंच दुसरं हार्मोन, बराच काळ नॉर्मलच राहतं, त्यामुळे उलट दिशाभूल होते. टी३ कामाचं ते थायरॉइड जास्त चालत असेल तेव्हा. रिव्हर्स टी३ ने यात काहीच ठरत नाही. आणि नुसतं टोटल टी४ पण नको, गर्भनिरोधक गोळ्या किंवा प्रेग्नन्सीत ते वाढलेलं दिसतं, फ्री टी४ बघायचं. त्यापेक्षा हिचा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, हे करा, पाळीत एवढं जात असेल तर लोह कमी असेल, त्याने पण थकवा येतो आणि केस जातात. बी१२ पण बघून घ्या

काका: माझी थायरॉइडची गोळी चालू आहे तर मला वर्षातून एकदा टीएसएच पुरतं ना? का माझं पण राहिलंय काही?

ताई: डोस स्थिर आहे आणि त्रास नाही तर पुरतं काका. डोस बदलला की मात्र ६ ते ८ आठवड्यांनी करायचं, त्याआधी आकडा स्थिरच होत नाही. रक्त सकाळी त्याच लॅबमध्ये द्या आणि त्या दिवशीची गोळी रक्त देऊन झाल्यावर घ्या, नाहीतर फ्री टी४ जास्त दिसतं. तुमची कॅल्शियमची गोळी थायरॉइडच्या गोळीपासून ४ तास लांब ठेवा

आत्या: आणि नुसत्या टीएसएचवर विसंबू नये असे पण लोक असतात ना गं?

ताई: असतात ना. पिट्युटरीचाच आजार किंवा तिचं ऑपरेशन झालेलं असलं, किंवा बाळंतपणात खूप रक्तस्राव होऊन पिट्युटरीला धक्का बसलेला असला, तर हुकूमच नीट निघत नाही, मग टीएसएच नॉर्मल दिसतं आणि फ्री टी४ कमी असतं. थायरॉइड जास्त होता आणि उपचार सुरू झाले तर टीएसएच काही महिने दबलेलंच राहू शकतं. अशांचं फ्री टी४ बघायलाच लागतं

वहिनी: पण ताई, डॉक्टरांना सांगू कसं? मला खूप अवघड वाटतं, त्यांना वाटेल ही नेटवर वाचून आली

ताई: टेस्टचं नाव घेऊन सुरुवातच नको करू. त्रास काय, कधीपासून, ते कागदावर लिहून ने. मग म्हण, आई आणि मावशीला थायरॉइड आहे, मी बायोटिन घेत होते ते आता बंद केलंय, तर टीएसएच परत करून सोबत फ्री टी४ आणि अँटी टीपीओ करता येईल का. नाही म्हणाले तर शांतपणे विचार की मग या त्रासाचं कारण काय असेल आणि टीएसएच परत कधी करायचं, आणि तारीख कागदावर लिहून घे. तरी टाळलं तर एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांकडे जाऊ, मी येते. विचारणं तुझा हक्क आहे गं, शरीर तुझं आहे. आणि याचं उत्तर इथे नको देऊस पण बाळाचा विचार असेल तर डॉक्टरांना ते आधीच सांग, तेव्हा टीएसएचची मर्यादा वेगळी धरतात आणि तपासणी पण लवकर लवकर होते

काका: सूनबाई, नीट विचारून ये. मी उगाच आधी तसं लिहिलं असं वाटून घेऊ नकोस, काळजीच होती

वहिनी: नाही हो काका. गोळी आजपासूनच बंद, सोमवारची वेळ घेतलीय

ताई: छान. जुना रिपोर्ट सोबत ने, नवीन आला की मला पर्सनलवर टाक, रेंजचा रकाना फोटोत दिसेल असा