'पाळत' म्हणावे की आणखी काही?

सीताबर्डीची अनुवादक:
ऑर्वेलच्या १९४९ सालच्या '१९८४' या कादंबरीवरील एका इंग्रजी लेखाचा मराठी अनुवाद करताना मी 'सर्व्हेलन्स' या शब्दापाशी अडले आहे. मी सर्वत्र 'पाळत' लिहिले होते. मसुदा वाचणाऱ्या स्नेह्यांनी ते प्रत्येक ठिकाणी खोडले. त्यांच्या मते पाळत ठेवतात ती कोणा एका संशयितावर आणि त्याला कळू न देता. त्या कादंबरीत मात्र पक्षाच्या सभासदांच्या घरोघरी भिंतीवर पडदा असतो, तो आपल्याकडे पाहू शकतो हे प्रत्येकाला ठाऊक असते, आणि भित्तिपत्रकेही तेच बजावतात. ज्याच्याकडे पाहिले जाते त्याला ते कळावे, हाच जिथे हेतू आहे, तिथे कोणता शब्द योजावा?

निवृत्त न्यायालयीन अनुवादक:
'निगराणी' घ्यावा, असे मी सुचवले असते. पण सीमेपलीकडे मध्य प्रदेशातल्या न्यायालयांत 'निगरानी' म्हणजे पुनरीक्षण अर्ज, आणि आपल्या नागपुरात हिंदी कानावर इतकी पडते की निम्मे वाचक तिकडेच जातील. १९६२ च्या खरकसिंग खटल्यात उत्तर प्रदेश पोलिसांच्या नियमांतील 'सर्व्हेलन्स'चाच प्रश्न होता, आणि त्या नियमांत रात्री घरी येऊन पाहून जाणेही मोडत होते. दार वाजवून येणाऱ्याला लपून पाहणारा कसे म्हणावे? न्यायालयाने त्या रात्रीच्या फेऱ्या अवैध ठरवल्या, बाकीचे नियम मात्र राहू दिले. तेव्हा शब्दात गुप्तता असलीच पाहिजे, हा आग्रह कायद्यालाही धरता आलेला नाही.

महालवासी:
'पाळत' गुप्तच असते, हे मला मान्य नाही. आणीबाणीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी पानठेल्याच्या बाकावर एक साध्या वेषातला माणूस रोज सायकल टेकवून बसत असे. तो कोणासाठी बसतो हे गल्लीतल्या पोरांनाही ठाऊक होते, आणि पावसात तो भिजू लागला की आमची आई त्याला ओसरीवर बोलावून चहा देई. तरीही आम्ही त्याला 'पाळतीवरचा'च म्हणत असू. वडील मात्र तो नसेल त्या दिवशीही दबक्या आवाजात बोलत, कारण नसला तरी असेल असे त्यांना वाटे. 'पाळत' हा शब्द 'पाळी'वरून आला असावा, असे मला फार दिवसांपासून वाटते. पाळीपाळीने बसणाऱ्यांचे ते काम.

शुद्धिप्रिय:
व्युत्पत्ती अशी कानावरून बेतू नये. 'पाळणे' म्हणजे रक्षण करणे, त्यावरूनच 'पाळत'. राखणारा कधी हेर झाला, एवढेच काय ते शोधायचे. 'निगराणी' फारसी आणि 'नजर' अरबी, तेव्हा ते दोन्ही वगळावेत. शिवाजी महाराजांनी 'राज्यव्यवहारकोश' करवून घेतला तो उगीच नव्हे. मी 'सर्वेक्षा' हा शब्द सुचवतो. कादंबरीत सगळ्यांवर डोळा ठेवणारा जो पक्षाचा सत्ताधीश, त्या 'बिग ब्रदर'ला 'अग्रज' म्हणावे.

धरमपेठकर:
'अग्रज पाहत आहेत' हे लग्नपत्रिकेतले वाक्य वाटते, आणि 'सर्वेक्षा' वाचून लोकांना जनगणना आठवेल. मराठीत 'दादा' हा तयार शब्द आहे. तो थोरला भाऊही असतो आणि चौकातला गुंडही. प्रेमाचे आणि दहशतीचे नाते एका शब्दात बसवणारी अशी सोय इंग्रजीतही नाही. शिवाय 'नजर' काढून टाकलीत तर आयाबायांनी 'नजर लागली' म्हणायचे तरी कसे?

शुद्धिप्रिय:
'दृष्ट लागली' म्हणावे. आमच्या घरी तसेच म्हणतात, आणि मीठमोहऱ्यांनी दृष्टच काढतात.

काटोलची लेक:
हा मुद्दा शुद्धिप्रियांचा झाला, हे मान्य करावेच लागेल. 'दादा'बद्दल मात्र माझी शंका आहे. आमच्याकडे भाजीवाल्यापासून आमदारापर्यंत सगळेच 'भाऊ' असतात, त्यामुळे कोणता भाऊ घाबरवणारा ते सुरावरून कळते, शब्दावरून नाही.

मूळ प्रश्नासंबंधी 'जागल' हा शब्द मांडते. हरभरा भरात आला की बाबा रात्रभर शेतात मचाणावर जागलीला जात. ते लपत नसत. दर थोड्या वेळाने डबा वाजवत, हाळी देत, टॉर्चचा झोत फिरवत, म्हणजे रानडुकरांना कळावे की कोणीतरी जागे आहे. पहाटे त्यांचा डोळा लागे, तरी डुकरे बहुधा येत नसत. इंग्रज विचारवंत बेंथॅमने १७९१ साली छापलेल्या तुरुंगाच्या आराखड्यात मधल्या मनोऱ्यातला पहारेकरी कैद्यांना दिसणारच नाही अशी रचना आहे, तो आहे की नाही हे कळू नये म्हणून. बाबांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले की मचाणावर सदरा टांगून ठेवण्याचीच ही तऱ्हा आहे.

निवृत्त न्यायालयीन अनुवादक:
जागल पिकासाठी असते. पक्षाने नागरिकांवर जागल ठेवली असे लिहिलेत, तर नागरिक पीक की डुकरे?

काटोलची लेक:
पक्षाच्या हिशेबी दोन्ही असावेत, आणि म्हणूनच मला तो शब्द सोडवत नाही.

सीताबर्डीची अनुवादक:
'जागल' ठेवला तर पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी तळटीप द्यावी लागेल, आणि संपादकांना तळटीप चालत नाही. सध्या मी 'पाळत'च परत बसवली आहे, पहिल्या वेळी मात्र 'उघड पाळत' असे लिहून.

शुद्धिप्रिय:
'उघड पाळत' हा वदतोव्याघात आहे.

महालवासी:
त्या माणसाला आमच्या ओसरीवर चहा पिताना पाहिले असतेत, तर तसे म्हणाला नसतात.