मदत हवी आहे: कानात नागीण, तोंड वाकडं झालंय, एआरटी (एचआयव्हीवरची औषधं) चालू आहे

प्रश्न
माझा भाऊ, वय ४२, एचआयव्ही पॉझिटिव्ह. एआरटी सुरू होऊन सहा आठवडे झाले. आधी उजवा कान आतून ठणकत होता, काल कानाच्या खळग्यात पाण्याचे फोड दिसले. आज उजवा डोळा मिटत नाही, चूळ भरताना पाणी गळतं, कानात शिट्टी वाजते. कानात टाकायचे थेंब मिळालेत. तेवढं पुरे का? एआरटीमुळे झालं असेल तर ती थांबवावी का?

प्रतिसाद १
थेंब पुरणार नाहीत. कानात फोड आणि त्याच बाजूचा चेहरा लुळा, हे रॅमसे हंट सिंड्रोमचं चित्र आहे. लहानपणी कांजिण्या देऊन गेलेला विषाणू चेहऱ्याच्या नसेच्या गाठीत जागा होतो. शेजारची ऐकण्याची आणि तोल सांभाळणारी नसही त्याच्या तडाख्यात सापडते, म्हणून शिट्टी वाजते, चक्कर येते. विषाणूवरचं औषध ७२ तासांच्या आत सुरू झालं तर नस वाचण्याची शक्यता बरीच जास्त, त्यामुळे आजच कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. उशीर झाला तरी एचआयव्हीत औषध टाळत नाहीत.

कपाळाला आठ्या घालायला सांगा. उजवीकडे आठ्या पडत नसतील तर दोष नसेत आहे. आठ्या नीट पडतात पण तोंड वाकडं आहे, हातपाय लुळे पडलेत, बोलणं अडखळतंय, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. तसंच ताप आणि बरळणं असेल तर मेंदूला सूज असू शकते. दोन्हीत थेट इमर्जन्सीत न्या.

एआरटी बंद करू नका. सुरुवातीच्या महिन्यांत प्रतिकारशक्ती सावरताना नागीण उठते, हे माहीत असलेलं आहे.

प्रतिसाद २
गोळ्यांचा नेहमीचा डोस: व्हॅलासायक्लोव्हिर १ ग्रॅम दिवसातून तीनदा, किंवा असायक्लोव्हिर ८०० मिग्रॅ पाचदा, ७ ते १० दिवस. सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) कमी असेल किंवा आजार पसरत असेल तर भरती करून शिरेतून असायक्लोव्हिर, १० मिग्रॅ प्रतिकिलो दर ८ तासांनी. ते किमान तासभर हळू सोडावं लागतं, भरपूर सलाईनसोबत. घाईने दिलं तर मूत्रपिंडात स्फटिक साचतात. एआरटीत टेनोफोव्हिर हे औषध असेल तर क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) तपासत राहायला सांगा.

प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सहसा जोडतात, पण एचआयव्हीत आधी टीबी आहे का ते पाहावं, आणि विषाणूवरच्या औषधाशिवाय ते नकोच.

प्रश्नकर्ता
बाटलीवर रिटोनाविर लिहिलंय.

प्रतिसाद २
मग हे आवर्जून सांगा. एआरटीतली रिटोनाविर आणि कोबिसिस्टॅट ही औषधं स्टेरॉइडची रक्तातली पातळी वाढवतात, त्यामुळे डोस त्यानुसार ठरवावा लागतो. बाटल्या सोबतच न्या.

प्रतिसाद ३
डोळ्याकडे दुर्लक्ष झालं तर बुबुळावर जखम होते, आणि ते नुकसान कायमचं राहू शकतं. जागेपणी दर एक-दोन तासांनी कृत्रिम अश्रूंचे थेंब, झोपताना मलम. मग बोटाने पापणी पूर्ण मिटवून वरून टेप लावा. नुसती गॉझची पट्टी ठेवली तर खाली पापणी उघडते आणि कापड बुबुळावर घासतं. डोळा लाल, दुखरा, उजेड सोसत नाही, किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे.

फोडांवर खपली धरेपर्यंत गरोदर बायका आणि तान्ही बाळं दूर ठेवा.